मुन्सिफसाहेबांची मोटार

उमरग्यात त्या मोटारीला गोधडी म्हणत. नुसती पोरंसोरं नव्हेत, चांगली पागोटेवाली माणसंसुद्धा. ती पेठेतून निघाली की कुणीतरी ओरडायचंच, "निघाली बघा अप्पाची गोधडी! थंडी वाजत असंल त्यानं आत शिरा!" अप्पा हसायचे. चिडले असते तर लोकांनी चार दिवसांत नाद सोडला असता. हसणाऱ्या माणसाला लोक जास्त छळतात. हे मी सभांमधूनही पाहिलेलं आहे.

अप्पा माझे घरमालक. आडतीचा धंदा, देह धिप्पाड, आवाज मात्र बारीक. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. घरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीत गेले की मोडकीतोडकी उर्दू. मला ते तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. वयानं मी त्यांचा मुलगा शोभलो असतो. मी त्यांच्या माडीवर एका खोलीत भाड्यानं राहायचो आणि गावोगाव फिरून सांगायचो की पोरांना आपल्या भाषेत शिकवा, वाचनालयं काढा, आणि दहा माणसं एकत्र बसायची तर तहसिलीची परवानगी मागावी लागते, हे राज्य आहे की कोंडवाडा हे एकदा स्वतःला विचारा. हे सगळं मी पत्रकात लिहायचो. पत्रकं इंग्रजी मुलखातल्या सोलापुरात छापायची आणि सरहद्दीचा नाका चुकवून निजामाच्या हद्दीत आणायची. हे काम मला साधलं होतं. माणसं ओळखणं तेवढं साधलं नव्हतं.

लोक अप्पांना कवडीचुंबक म्हणत. मोटारीत एक नवा भाग घालत नाही, सगळी ठिगळं लावून चालवतो, म्हणून. सोलापूर जवळ होतं. नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरायची आणि हवा तो सुटा भाग आणायचा. दुसरे मोटारवाले आणतच होते. मीही त्यांना कवडीचुंबकच समजलो असतो, पण घरात राहिलो म्हणून दुसरी बाजू दिसली. त्यांच्या बैलगाडीच्या चाकाचा आरा तडकला, तेव्हा सुतार म्हणाला, "सांधून देतो." अप्पा म्हणाले, "कशाला? चाकच नवं घाल." वहाणेचा अंगठा तुटला की ते नवा जोड घ्यायचे. छत्रीची काडी वाकली की छत्री समोर दिसेल त्याला देऊन टाकायचे. हातानं दिलदार, खर्चिक, जरा उधळेच म्हणा ना. आणि मोटारीच्या लाकडी चाकाचा आरा तडकला तेव्हा? तोच सुतार ओसरीवर बसवला. तडकलेल्या लाकडाची चीप सरसानं जोडली, वरून तारेनं गुंडाळली आणि सांधे फुगून घट्ट बसावेत म्हणून अख्खं चाक परसातल्या हौदात बुडवलं. ते चाक हौदात होतं तोवर घरातलं धुणं ओढ्यावर जात होतं.

अव्वा, म्हणजे अप्पांच्या बायको, धुण्याची बादली उचलताना मला ऐकवायच्या, "मला ताप आला तर म्हणतील, म्हायेरी जाऊन पड. मोटारीला खोकला झाला की वैद्य घरी येतो!"

वैद्य म्हणजे गावातलेच सगळे. मोची यायचा, मोटारीच्या पोटात एक कातडं असतं, ते सुकलं की तो एरंडेल चोळून मऊ करायचा, फाटलं की टाका घालायचा. कासार यायचा तो पितळेसाठी. पेट्रोल ज्या भांड्यात साचतं त्यात एक पितळेची बंद डबी तरंगत असते. तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की ती बुडते आणि मोटार पेट्रोल ओकायला लागते. अप्पा ती डबी ऊन पाण्यात धरायचे. बुडबुडा निघेल तिथं बोट ठेवायचे. कासार डाग द्यायचा, म्हणजे शिसं-कथील वितळवून भोक बुजवायचा. डाग जाड झाला तर डबी जड होते, नीट तरंगत नाही. मग अप्पा कानशीनं तो डाग घासत बसायचे. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं. "अप्पा, तुरीचा भाव?" म्हटलं की, "थांब की बा, पोहायला शिकवतोय तिला."

माझ्या सोलापूरच्या मित्रानं एकदा सहज म्हणून नवी डबी पाठवून दिली. मी ती अप्पांच्या गादीवर ठेवली. त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली, कौतुक केलं, "झ्याक हाय," म्हणाले आणि परत माझ्या हातात दिली.

"का हो?"

"ही साहेबांची न्हाय."

आता हा साहेब कोण, हे मला मोटार मागायला गेलो तेव्हा कळलं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होती, रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या होत्या. मला परंड्याकडं, वाशीकडं जायचं होतं. तिकडच्या गावांतून बोलावणी होती. मी सरळ मागितली. "अप्पा, बैलगाडीनं हाडं खिळखिळी झाली माझी. आठ दिवस मोटार द्या. पेट्रोल मी मिळवतो."

"मोटार माझी न्हाय, तम्मा."

"मग कुणाची?"

"मुन्सिफसाहेबांची."

पूर्वी उमरग्याला एक मुन्सिफ, म्हणजे दिवाणी न्यायाधीश, होते. निकाल सावकाश देणारे, शतरंज त्याहून सावकाश खेळणारे आणि टरबुजाचे षौकीन. कचेरी सुटली की अप्पांच्या ओट्यावर डाव मांडायचे. साहेब हरले की आपल्या मोटारीत अप्पांना शेजारी बसवून नाक्यापर्यंत फिरवून आणायचे. अप्पा हरले तर टरबूज कापायचं. असं काही वर्षं चाललं. मग साहेबांची बदली लांब तेलंगणात झाली. वाटेत नद्या, पूल नाहीत, दिवस पावसाचे. त्यांनी मोटार अप्पांच्या दारात लावली, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "सेठ, ये तुम्हारे पास अमानत. चलती रखना. बरसात खत्म होते ही आदमी भेजता हूँ."

तो पाऊस संपला. त्यानंतरचेही पुष्कळ संपले. सुरुवातीला येणाऱ्याजाणाऱ्याकडून खुशाली कळायची, मग तीही बंद झाली. अप्पा मात्र दर सोमवारी पूजा आटोपून मोटार काढायचे आणि नाक्यापर्यंत नेऊन परत आणायचे. चालती ठेवायची होती ना. त्या फेरीत दुकानाची एक पिशवीसुद्धा कधी आणली नाही. मागच्या बाकावर बेगमसाहेबांसाठी लावलेले पडदे तसेच होते. तिथं अप्पा कुणाला बसू द्यायचे नाहीत, स्वतःही बसायचे नाहीत. पडदे विरले तेव्हा त्यांनी आतून रफू करून घेतले.

हे ऐकून माझं डोकं भडकलं. मी काही मिठ्ठास बोलणारा माणूस नाही. मी म्हणालो, "ज्या सरकारनं तुमच्या पोरांना परक्या भाषेत पाढे घोकायला लावलं, त्याच्या मुन्सिफाची मोटार तुम्ही पुसत बसता? ही गुलामी झाली, अप्पा!"

"सरकार येगळं, साहेब येगळे. सरकारनं माझ्यापाशी कायबी ठेवलेलं न्हाय. साहेबांनी ठेवलंय."

"बरं, सांभाळा! पण मग नवे भाग तरी घाला. मोटार नीट चालेल, साहेबांचाच फायदा."

"नवा पुर्जा घातला तर चालंल की. पण साहेबांची ऱ्हाईल का? आज डबी बदलली, उद्या चाक, परवा भोंगा. मग साहेब आले की काय दाखवू? कुणाची मोटार दाखवू?"

"त्यांना चालती गाडी मिळाली म्हणजे झालं!"

"एका बाईनं माझ्याकडं पाटल्या ठेवल्या. झिजल्या म्हणून म्या तेवढ्याच सोन्याच्या दुसऱ्या घडवून तिला दिल्या. चालंल?"

"सोनं तेवढंच भरलं तर काय बिघडलं?"

अप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "तम्मा, तू आडत टाक. लई चालंल तुझी."

दुकानातले हमाल हसले. मी जिना चढून वर गेलो आणि परंड्याला बैलगाडीनंच गेलो. वाटेत मनातल्या मनात अप्पांवर एक जळजळीत पत्रक लिहून काढलं. छापलं नाही. छापायला त्याहून मोठे शत्रू पडले होते. पण आजही विचाराल तर मी म्हणेन, त्यांनी मोटार द्यायला हवी होती. देशाचं काम होतं. त्यांच्या न्यायानं सगळे चालले असते तर या मुलखात एक पत्रक पोचलं नसतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो, म्हणून इथंही लिहितो.

अप्पांना एकच गोष्ट हवी होती. साहेबांनी एकदा यावं, मोटारीभोवती फिरावं, भोंगा दाबावा आणि आपली मोटार ओळखावी. बाकी त्यांना बक्षीस नको होतं की शाबासकी नको होती. म्हणूनच प्रत्येक तुकडा जिथल्या तिथं. रेडिएटरला इतके डाग होते की कासार कुरकुरायचा, "अप्पा, ह्यात पितळ कमी न् माझं कामच जास्त झालंय." तरी अप्पा रेडिएटर बदलू द्यायचे नाहीत. भोंग्याच्या रबराला सायकलची ठिगळं लावलेली, त्यामुळं आवाज दम्याचा झाला होता. पेठेतली पोरं तो काढून दाखवायची.

आणि एके दिवशी सकाळी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, "अप्पा, मुन्सिफसाहेबाकडली मानसं येतेत आज. मोटार न्यायला."

त्या दिवशीइतकं धांदरट मी अप्पांना पाहिलं नाही. मोटार धुतली, पुसली. स्वतः भर उन्हात कोट घातला, कॉलरपर्यंत बटणं लावून. ओट्यावर सतरंजी घातली, तिच्यावर शतरंजाचा पट मांडला. टरबूज आणून भिजल्या फडक्यात ठेवलं. अव्वांना तीनदा विचारलं, "आता केस पिकले असतील न्हाई का त्येंचे?" अव्वा म्हणाल्या, "तुमचे काय काळे हायेत?"

दुपारी सोलापूरकडनं एक मोटार आली. तिच्यातून एक तरुण माणूस उतरला, मागोमाग हत्यारांची पेटी घेतलेला मिस्त्री, आणि मग एक मोठं खोकं. अप्पा त्यांच्या मागं बघत होते. मोटारीत आणखी कुणी नव्हतं.

"सलाम, सेठ. मैं मुन्सिफसाब का लडका."

"आव, आव. साहेब?"

"अब्बा कू गुजर को जमाना हो गया." बाप जाऊन कैक वर्षं झाली, हे त्यानं सहज सांगितलं. त्याच्यासाठी ते जुनं झालेलं होतं. "पुराना नौकर बोला कि उमरगे में गाडी पडी है, तो आ गया. एक ठेकेदार कू देना है."

अप्पा ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी विचारलं, "साहेब गाडीचं काही बोलले? जाताना?"

"गाडी का?" पोरगा आठवू लागला. वाईट नव्हता तो. खरोखर आठवत होता. "नै सेठ. गाडी का तो कभी कुछ नै बोले."

मिस्त्रीनं तोवर मोटारीचं तोंड उघडलं होतं. त्यानं आत डोकं घातलं आणि शिट्टी वाजवली. मग पोरग्यानं डोकं घातलं. "अरे बाप रे! ये क्या है, सेठ? पूरी पैवंद ही पैवंद!"

ठिगळांचं नाव निघालं तसे अप्पा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. हेच दाखवायला ते इतकी वर्षं थांबले होते. जवळ गेले आणि बोट ठेवून एकेक दाखवू लागले. "हुजूर, सब असली है. ये डिब्बी, ये भोंगा, ये चाक. साब दिये वैसेच. एक पुर्जा बी नया नहीं."

"वोइच तो रोना है, सेठ!" पोरगा मनापासून हसला. मिस्त्री हसला. जमलेली पेठ हसली.

अप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिस्त्रीनं खोक्यातले नवे भाग बसवले आणि जुने रस्त्याच्या कडेला टाकत गेला. रेडिएटर, तरंगणारी डबी, भोंगा, आरा बांधलेलं ते चाक. पडदेही ओढून काढले. ठेकेदाराला मागं सामान घालायचं होतं. माझ्यानं राहवलं नाही. मी पुढं होऊन ओरडलो, "अहो, ही गाडी इतकी वर्षं चालती कुणी ठेवली, ते तरी विचारा!" अप्पांनी माझं मनगट पकडलं. त्या बारीक आवाजाच्या माणसाच्या हातात तेवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. "गप. त्येंची हाय. मोडतील न्हाय तर जाळतील. तू कोण, मी कोण?"

निघताना अप्पांनी त्या ढिगाकडं बोट दाखवलं. "हुजूर, ये लेके जाव. आपका है."

"ये कचरा? फेंक दो, सेठ. कायकू तकलीफ करे तुम इत्ती?"

मोटार गेली. तिचा नवा भोंगा खणखणीत होता. अप्पांनी ढीग गोणपाटात भरला आणि आत नेला. पट अव्वांनी उचलला. टरबूज म्हशीला घातलं.

त्यानंतर अप्पा बोलेनासे झाले असं नाही. दुकान चालू होतं, तुरीचा भाव सांगत होते. फक्त सोमवारी पूजा झाली की ते क्षणभर दारात उभे राहायचे आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून आत जायचे. मला त्या माणसाची चीड यायची आणि वाईटही वाटायचं. मेलेल्या माणसासाठी मोटार चालती ठेवत होते. कुणी एक निरोप धाडू नये? थोरामोठ्यांच्या घरात कुणाला हे सुचू नये? मुन्सिफ असो नाही तर आमचा पुढारी असो, विश्वासानं राबणारा माणूस वरच्यांना आठवतो कधी? काम अडलं की. हे मी आमच्या बैठकीत बोललो, तर एक पुढारी रागावून उठून गेले.

मग माझ्यावर वॉरंट निघालं. पोलिसांचा अमीन माडीची झडती घ्यायला येणार अशी कुणकुण लागली आणि मला हद्दीपलीकडं, सोलापुरात जाऊन राहायचं ठरलं. निघण्याआधी अव्वांच्या पाया पडायला परसात गेलो.

अप्पा हौदाशेजारी शेगडी पेटवून बसले होते. भाता स्वतःच ओढत होते; कासार नव्हता. गोणपाट उलटं केलेलं होतं आणि ते रेडिएटर निखाऱ्यावर धरून होते. डाग वितळून खालच्या परातीत टपटप पडत होता. मला वाटलं, पुन्हा नव्यानं सांधतायत. डोकं फिरलं म्हटलं बिचाऱ्याचं.

"अप्पा, आता कशासाठी दुरुस्त करताय?"

"दुरुस्त कुठं? डाग काढतोय."

शेजारच्या फरशीवर ती पितळेची डबी होती. घासून लख्ख केलेली, आणि तिचं भोक उघडं. चाकाची तार सोडली होती, आऱ्याची चीप वेगळी काढून ठेवली होती. भोंग्याची ठिगळं उचकटून काढलेली. इतक्या वर्षांचं सगळं काम त्यांनी आपल्या हातानं उलगडलं होतं.

"हे काय केलंत?" मी खरंच ओरडलो.

"पितळ साहेबांचं हाय. ते हितंच ऱ्हाईल, कुणी घ्यायला येवो न येवो. डाग माझा हाय. त्येंनी टाकून दिलं त्यात माझंबी टाकलं. माझं मी काढून घेतो." ते रागानं बोलत नव्हते. हिशेब वेगळे करताना आडत्या बोलतो तसे बोलत होते.

परातीतलं शिसं-कथील त्यांनी पळीत घेऊन पुन्हा वितळवलं, मातीच्या पणतीत ओतलं आणि वर पाणी शिंपडलं. चर्र झालं. निघाला तो गोळा लिंबापेक्षा जरा मोठा असेल. एवढाच. कासाराच्या कितीतरी खेपा, अव्वांची बोलणी, पेठेची टवाळी आणि अप्पांच्या सगळ्या दुपारी धरून एवढाच. त्यांनी तो फडक्यात बांधला आणि माझ्यापुढं धरला.

"तुमच्या छापखान्याला शिसं मिळंना म्हणालतास."

मिळत नव्हतं खरं. लढाईनं सगळंच महाग आणि दुर्मीळ केलं होतं. जुनं शिसं नेऊन दिलं तरच ओतारी नवा टाइप, म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे, द्यायचा, आणि आमचा टाइप झिजून अक्षरं आंधळी झाली होती.

"अप्पा, तुम्ही आमच्या कामाला…"

"मोटार माझी नव्हती, तम्मा. हे माझं हाय. हे दिऊ शकतो." आणि मग अव्वांकडं बघून, "ह्याला भाकरी बांधून दे. नाक्यावर न्हाय, शेतातनं जा म्हणावं."

सोलापुरात छापखान्याच्या मालकानं फडकं सोडलं, गोळा हातात झेलून पाहिला, "कथील बरंच आहे यात," म्हणाला आणि कोपऱ्यातल्या बाकीच्या मोडीत टाकला. तो पडल्याचा आवाज झाला, आणि मग त्यातला कोणता अप्पांचा हे ओळखू येईना.

मी पलीकडंच होतो तेव्हा अप्पा गेले. मला कळलं ते पुष्कळ उशिरा, एका हमालाकडून. नंतर ते राज्यही गेलं. नव्या टाइपात आम्ही खूप छापलं. जुलमाबद्दल छापलं, शाळांबद्दल छापलं, हुतात्म्यांबद्दल छापलं, आणि काही माणसांबद्दल छापलं जी त्या लायकीची नव्हती. अप्पांबद्दल एक ओळ आली नाही. पत्रकात काय घालणार? एका माणसानं दुसऱ्याची वस्तू होती तशी ठेवली, आणि घ्यायला आलेल्याला ती तशी नको होती.